शेवटचा गुण प्रीतीचा

मेलकावेरी, कुंभकोणम
रविवार

प्रिय श्रीवत्सअण्णा,

काल व्हीलचेअर तलवारबाजीचा अंतिम सामना मी एका गुणानं हरले. फोनवर म्हणाले, वाईट वाटलं नाही. तुला ते पटलं नाही.

आमच्या दोघींच्या खुर्च्या जमिनीवरच्या चौकटीला घट्ट बसवल्या होत्या. मागं सरताच येत नाही. तिरुचीच्या प्रीतीनं शेवटी तलवारीचं टोक असं काही मारलं, की जाड जाकिटातूनही खांदा ठणकला. मुखवटा काढून तिनं तमिळमध्ये विचारलं, “लागलं?”

“खूप,” मी म्हणाले आणि मला हसूच आवरेना.

तुझ्या स्कूटरवरून आपण पडलो, तेव्हापासून माझ्यावर कुणी आवाजही चढवला नाही. अम्मा माझी उलट उत्तरं मुकाट ऐकून घेते. कॅरमची राणी भोकाच्या तोंडाशी असली तरी तुझा नेम चुकतो. प्रीतीला मात्र मला हरवायचंच होतं.

हे पत्र पाठवणार नाही. वाचून तू तिकडे एकटाच रडत बसशील. दिवाळीला आलास की समोर बसवून सांगेन, “अण्णा, त्या दिवशी तुझी चूक नव्हती. आता नीट खेळ.”

तुझी,
शरण्या