सदरहू सिंहाविषयी

श्रीयुत साडूसाहेब यांस,

आपल्याहून आठ महिन्यांनी वडील असलेल्या साडूचा नमस्कार. (आठ महिन्यांचा उल्लेख मोठेपणासाठी नव्हे, माहितीसाठी.) आपला दमा आटोक्यात असेल, मेहुणीबाईंची कंबर सरळ झाली असेल, अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम, गुडघे सोडून. अकरा वर्षे आपल्यात पत्रव्यवहार नाही, त्यास कारण गिलाव्यातील वाळूचे प्रमाण. तो वाद येथे उकरून काढीत नाही. माझेच प्रमाण बरोबर होते.

लिहिण्यास कारण की, गेल्या रविवारी जावयांनी आम्हांस सहलीला नेले. हल्लीच्या लोकांना चांगले ठिकाण चालत नाही. जेथे कुत्रेही फिरकत नाही तेथे जायचे आणि 'कोणीच कसे नाही!' म्हणून आनंदून जायचे, यास ते 'हटके' म्हणतात. (हा शब्द चौथीपर्यंतच्या एकाही पुस्तकात नव्हता. मी चौथी उत्तीर्ण आहे.) आणि ते हटके ठिकाण कोणते निघावे? अडतीस वर्षांपूर्वी आपण दोघांनी जेथे थापी चालवली, तीच पुतळ्यांची बाग! आपण घोडा केला, मी सिंह केला, हे आपणांस ठाऊक आहेच. तरी पुढील मजकुरासाठी नोंद असावी.

नातीला मात्र एवढेच ठाऊक, की आजोबांनी तेथे 'एक मोठा प्राणी' केला. ती मूर्तिकला शिकते. घरात सर्वांचा विरोध, पण ती ठासून सांगते, "माझ्या हाताला आजोबांचं वळण आहे." या एका वाक्यावर मी गेली तीन वर्षे ताठ मानेने जेवतो आहे.

फाटकावरच फलक: 'पुतळ्यांना हात लाऊ नये.' 'लावू' हवे. मी कोळशाने दुरुस्त करू लागताच रखवालदार ओरडला, "ओ आजोबा, इथे लिहायला मनाई आहे!" मी विचारले, "आणि चुकीचं लिहायला परवानगी?" (बाग बंद होऊन नऊ वर्षे झाली. या गृहस्थास 'आता ऊठ' असे कोणी कळवलेले नाही.)

आत काय वर्णावे! नर्तकीचे दोन्ही हात गेले, ठुमका तेवढा शाबूत. विचारवंताच्या डोक्यातून झुडूप उगवले आहे (डोक्यातून काही उगवलेला हा मी पाहिलेला पहिलाच विचारवंत). पुढाऱ्याचे धड कोसळले; दिशा दाखवणारा हात मात्र शिल्लक आहे. त्या दिशेला शौचालय आहे, तेही बंद. जावई प्रत्येक पुतळ्यापुढे उभे राहून स्वतःचाच फोटो काढीत होते. फोटोत पुतळे अधिक समजूतदार दिसले.

पुढे वेलींमध्ये सिंह. नाक गेलेले, आयाळ पावसाने धुतलेली, शेपटीची नुसती सळई. जावई म्हणाले, "हा बोकड भारी आहे!" नात म्हणाली, "बोकड कसला बाबा, म्हातारी मेंढी आहे ती." मंडळी पोट धरून हसली. मीही हसलो. न हसणे संशयास्पद ठरले असते.

आणि पलीकडे आपला घोडा. मागच्या दोन पायांवर, अडतीस वर्षे, एक तडा नाही. 'पहिल्या पावसात बसेल' असे मी म्हणालो होतो. बसला नाही. मानेवरची शीर अजून फुगलेली आहे. नातीने त्या शिरेवरून बोट फिरवले, मग विचारले, "आजोबा, तुमचा कुठला?"

मी योग्य ते उत्तर दिले. बाकी सर्व क्षेम.

आपला,
वडील साडू

ता. क. योग्य ते उत्तर म्हणजे 'घोडा'.

ता. क. दुसरा. मग तिने विचारले, मेंढी कोणाची. तेथे दुसरा कारागीर एकच होता. क्षमस्व.

ता. क. तिसरा. येत्या रविवारी ती त्या दुसऱ्या कारागिरास भेटण्यास आपल्याकडे येत आहे, वही घेऊन. तेवढा एक दिवस घोडा मजकडे राहू द्यावा, ही नम्र विनंती. बदल्यात वाळूचे प्रमाण आपले बरोबर होते, असे तोंडी कबूल करण्यास मी तयार आहे. (लेखी नाही.)

ता. क. शेवटचा. मेंढीचा विषय निघाला की ती हसेल. तेव्हा तो सिंह आहे, एवढे मात्र तिला ठणकावून सांगावे. आपल्याच हातचा असल्यासारखे.