नेहा की सुमन

रविवार, संध्याकाळ

उद्या नव्या रायपुरात बास्केटबॉलचा शेवटचा सामना. बॉल जास्त कोणाच्या हाती द्यायचा, माझी नात नेहा की उरला वस्तीतली सुमन, हे आज मलाच ठरवायचं होतं. फ्री थ्रो मी शाळेतल्या कवितेच्या तालावर शिकवतो; ओळ संपली की बॉल सुटायला हवा. नेहा अजून ती ओळ पुटपुटते. तेवढ्यावरच भाळलो, तिचं नाव सांगून बसलो. सुमन कविता म्हणत नाही, पण तिचा नेम चुकत नाही. ती पिशवी उचलून निघून गेली.

नेहाच भडकली. "आजोबा, काहून? सुमन दीदी का निशाना पक्का है. कविता तो मैं बस आपके लिए बोलती हूँ."

माझ्यासाठी!

सुमन फोन उचलून नाही राहिली. उद्या हरणारच. अन् ती मेली ओळ अजून माझ्याच ओठांवर.