शेजारणींनी ओढलेली दीर्घिका

८ जानेवारी, आगरदांडा
दुपारी नेट आलं. माझ्या गाईड मानसी मॅडमनी पुण्याहून नवी प्रतिमा पाठवलीय. माझी दीर्घिका! ताऱ्यांचा एक हात घट्ट गुंडाळलेला, दुसरा लांबच लांब ओढलेला. शेजारी दोन दीर्घिका आहेत, त्यांच्या गुरुत्वाकर्षणाने बिचारीचा आकार पार बिघडला. चार वर्षं हिच्यावर पीएचडी करतेय. मॅडमचं एकच — "कल्पिता, मार्चपर्यंत ये. नाहीतर विषय दुसऱ्याला द्यावा लागेल."

कशी जाऊ? बाबांना दिवाळीत अर्धांगवायू झाला, तेव्हापासून मी इथेच. जन्मभर दिघीच्या फेरीबोटीवर दोर फेकणारा माणूस — आता उजव्या हातात चमचा टिकत नाही. आई एकटी उचलणार का त्यांना?

१५ जानेवारी
काही लिहावंसं वाटत नाही.

२३ जानेवारी
निकेत पनवेलहून आला. नावाचा भाऊ. दोन तास बसला, चहा-पाव खाल्ला, गेला. जाताना अंगणात आईशी कुजबुज. मी दारात आले तर दोघं गप्प. जबाबदारी नको असणार, दुसरं काय. बहीण आहेच निस्तरायला! इतका राग आला — आणि मी भांडी घासत बसले.

४ फेब्रुवारी
अंघोळ घालताना बाबांनी तोंड फिरवलं. लेकीने घालावी हे त्यांना आवडत नाही. मलाही नाही. बोलणार कोण?

मॅडमचा मेसेज — दीर्घिकेच्या शेजारणीही वाकड्या झाल्यात, त्या नीट मोजायला हव्यात. मोजा म्हणावं. मला आता कशाचंच काही वाटत नाही.

१९ फेब्रुवारी
मॅडमना फोन करून टाकला. विषय सोडला. "नीट विचार केलास ना?" हो म्हटलं.

आईला सांगितलं, तुमच्यासाठी सोडला. ती वाल सोलत राहिली. वाटलं होतं, निदान रडेल. मग मीच रडले, मोरीत जाऊन.

२१ फेब्रुवारी
शेजारच्या गोदूकाकूने कोलंबीचं कालवण दिलं होतं. रिकामी वाटी परत करायची नाही, म्हणून मूठभर वाल घालून गेले. काकू म्हणाली, "तू पुन्याला कवा जातेस गं? निकेतनं पनवेलला तुझ्या आई-बाबांची सोय करून महिना झाला. दवाखाना समोरच हाय, रोज हाताचा व्यायाम करून घेतात. पन तुझी आई म्हनते, पोर सगलं सोडून आपल्यापायी धावत आली, तिला आता तुझी गरज न्हाय असं कुठल्या तोंडानं सांगू?"

बाबांचा हात सुधारला तर पहिल्या काही महिन्यांतच सुधारेल — हे डॉक्टरांनी मलाच सांगितलं होतं. दिवाळीला चार महिने होत आले.