दोन्ही टोकं तपासली

७ मार्च
सात महिने वही उघडली नाही. माफी मागायची तर या पानाचीच. कारण मोठं नाही, बरं चाललं होतं. जीव थाऱ्यावर नसला की मी लिहितो, ही माझी खोडच.

काल बायको कामावरून आली, सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारा तिचा रेग्युलेटर जेवणाच्या टेबलावर ठेवला. "हे बघ रे जरा. खाली श्वास ओढून घ्यावा लागतो." एवढं बोलून आंघोळीला गेली.

ती बंदरात जहाजांचे तळ घासते, पाण्याखाली, पाठीवर सिलिंडर घेऊन. आणि तिचं सामान उघडायचं, धुवायचं, पुन्हा जोडायचं काम माझं. शाळेत विज्ञान शिकवणारा, पोहता न येणारा मी! दुरुस्तीचा कोर्स रीतसर केलाय, तरी. जानेवारीत पूर्ण सर्व्हिस केली होती. म्हणजे चूक माझीच. कुठे पण?

८ मार्च
सकाळपासून टेबल अडवलं. पांढरा टॉवेल, त्यावर एकेक भाग ओळीने. सिलिंडरवर बसणारं टोक उघडलं, तोंडात धरायचं टोक उघडलं. पडदा बदलला. रबरी ओ-रिंगा बदलल्या.

सासूबाई ताटं घेऊन उभ्या. "जावईबापू, आज रबरंच वाढू का?"

जोडलं, सिलिंडर लावला, खुर्चीत बसून शांतपणे चाळीस श्वास घेतले. लोण्यासारखं चालतंय.

११ मार्च
"तसंच आहे." माझ्याकडे न बघताच म्हणाली.

"नक्की?"

"आता शपथ घेऊ का? बघ ना नीट. घाई नको करूस. तोवर मी वर दोरीवर थांबते."

म्हणजे बोटीत बसून, खाली गेलेल्याची दोरी हातात धरून. तिला ते काम आवडत नाही, कधीच आवडलं नाही. माझ्यामुळे करावं लागतंय.

१२ मार्च
पुन्हा उघडलं. आठ तारखेला काढलेल्या जुन्या रिंगा आणि नव्या रिंगा एकाच टॉवेलवर होत्या! चहा घ्यायला उठलो होतो मधे. परत आल्यावर कुठली उचलली? आठवत नाही. आठवतंय असं वाटतं, ते तर त्याहून वाईट. सगळ्याच फेकल्या, नव्या घातल्या.

१५ मार्च
तिसऱ्यांदा. स्प्रिंगसुद्धा बदलली. प्रेशरचा काटा तासभर बघत बसलो. हलला नाही. मीच हलत होतो, पाय एका जागी राहत नव्हता.

१८ मार्च
"मस्त आहे आता!" म्हणाली. सुटलो!

२६ मार्च
सुटलो कसला.

तिचं सामान टबात भिजत टाकलं. धुणं पुरं झालं का ते कळायला मी शेवटचं पाणी जिभेला लावून बघतो. आज का कोण जाणे, पहिलंच लावलं. गोडं! अजिबात खारट नाही. जॅकेटच्या आतल्या खिशात बोट घातलं, चोखलं. तिथेही नाही.

सामान ओलं तर आहे. समुद्रात मात्र गेलेलं नाही.

२७ मार्च
विचारलं. आधी चिडली. "आता सामान चाटून माझी हजेरी घेणार का तू?" मग खाली बसली, टबाशेजारीच.

तिने सांगितलं तसं लिहितो. सहाला दुपारी जहाजाखाली होती. शेवाळ सुटेना, जोर लावला, श्वास ओढला — आणि हवाच येईना. धडपडत वर आली. मुकादमाने तोच रेग्युलेटर तोंडात धरला, बोटीतच दोन श्वास घेऊन दाखवले. "हवा आहे की, बाई. तूच घाबरलीस." सगळे हसले. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"आणि मलाही पटलं रे. तू उघडत बसलास, मला तेवढे दिवस मिळाले. मग तुझं तोंड बघवेना, म्हणून मस्त आहे म्हटलं. धक्क्यावरच्या नळाखाली भिजवून आणत होते."

कायमचं दोरीवरचं काम मागून घेतलंय तिने. मिळालं.

आधी मला काय वाटलं, तेही लिहायला हवं. माझी चूक नव्हती! हे वाटलं. तिचा विचार त्यानंतर आला. दोन-तीन सेकंदांनीच, पण नंतर.

सासूबाईंनी आतून ऐकलं असावं. बाहेर येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सोळा वर्षं जीव टांगणीला होता माझा. बरं झालं बाई."

३१ मार्च
ती वेळेवर घरी येते. केस कोरडे. कुणीतरी म्हणालं म्हणे, "ताई, वरची हवा मानवली तुम्हाला." सांगताना हसली. मग कपड्यांच्या घड्या घालता घालता, सहज — "मी भित्री निघाले, नाही?"

"असं काही नाही," म्हणालो. कशाच्या आधारावर म्हणालो?

२ एप्रिल
रविवार. "ते सगळं माळ्यावर टाक," म्हणाली आणि आईला घेऊन बाजारात गेली. असंच कसं टाकायचं? नीट पुसून, सुटं करून ठेवावं म्हणून दोन टोकांमधली नळी काढली. आत पाणी राहू नये म्हणून फुंकली.

हळू फुंकलं, हवा गेली. पाणी झटकावं म्हणून जोरात फुंकलं — बंद! पुन्हा हळू, जाते. पुन्हा जोरात, बंद.

ब्लेडने उभी चिरली. बाहेरून नवी दिसते. आतला थर सुटलाय, जिभेसारखा वर आलाय. हवा हळू गेली तर तो पडून राहतो. जोराने ओढली की उठतो आणि नळी बुजवतो. मी खुर्चीत बसून श्वास घेतले, मुकादमाने बोटीत बसून घेतले. ती खाली राबत होती.

तीनदा उघडलं मी. दोन्ही टोकं. मधलं कधीच नाही.

३ एप्रिल
आज सांगितलं नाही. नळी माझ्या दप्तरात आहे, शाळेत नेली आणि परत आणली. सांगितलं की ती पुन्हा खाली जाईल — नव्या नळीने, मी जोडलेल्या. नाही सांगितलं तर ती वर सुखरूप, सासूबाई खूश, मी निर्दोष. आणि ती भित्री. सगळ्यांचं भागतं, एक तिचं सोडून.

चिरलेली आता फुंकता येणार नाही. पण जानेवारीत या नळीच्याच जोडीने घेतलेली, सुटीच ठेवलेली दुसरी नळी आहे. आज तिच्यात फुंकून पाहिलं. तीही तशीच.

उद्या: शाळेत जायच्या आधी ही दुसरी नळी तिच्या हातात देणे आणि म्हणणे, जोरात फुंक.