अण्णांच्या वाटचा नमस्कार

अवसरी बुद्रुक

ती. अश्विनीताईस,

आज सकाळी मी अण्णांना हाताला धरून देवळात नेलं. पडतील म्हणून तू त्यांना घरीच बसवायला सांगितलंस. फोनवर मी 'घरीच आहेत' म्हणालो, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

एसटीतून निवृत्त झाल्यापासून भजन हेच त्यांचं काम. खुबा बदलल्यावर मांडी घालता येईना, आणि देवापुढं खुर्चीवर बसायला ते तयार नव्हते. पण आता देवळात सप्ताह चालू आहे, आणि त्यात वीणा गळ्यात घेणारा वीणेकरी उभाच असतो. वीणेची माझी पाळी संपवून मी ती त्यांच्या गळ्यात घातली. अशा वेळी दोघांनी एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे.

"अण्णा, डाक्तरांनी वाकू नका म्हणलंय."

"मंग पाया कोण पडणार, तुझा बाप?"

आधी माझा नमस्कार, मग त्यांच्या वाटचा, असा मी त्यांच्याच पायाशी दोनदा वाकलो.

तुझा धाकटा भाऊ,
हनुमंत