आडव्या विजेबद्दल मामांस

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून कंबर सध्या तेवढंच करू देते). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी जिना चढायला बंदी घातली म्हणे, ती कृपा करून पाळा. मी ठीक आहे, म्हणजे जेवते. (फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मला रडू येईल.)

तुम्ही विचारलं होतंत, प्रयोगशाळेत नक्की चाललंय काय. तर माझ्याकडे मोहरीहूनही लहान एक स्फटिक आहे. त्यात वीज सरळ सोडायची. एरवी ती बाजूला वळवायला चुंबक लागतं. या स्फटिकातले इलेक्ट्रॉन चुंबकाशिवायच आडवे सरकतात (आपला दादा दूध आणायला निघाला की कुठे पोचतो, तुम्हाला माहीतच आहे). ते सरकले की आडव्या बाजूला व्होल्टेज दिसतं. मला दिसलं. आमच्या सरांनी, म्हणजे शाळेत तुमच्याच बाकावर बसणाऱ्या तुमच्या मित्राने, माझी पाठ थोपटली आणि थेट परिषदेत भाषण ठरवलं. माझी डॉक्टरेट त्या एवढ्याशा स्फटिकावर उभी आहे, मामा.

मग मला दुर्बुद्धी सुचली. स्फटिकाला केसाएवढ्या तारा चांदीच्या लेपाने हातानेच चिकटवतात, आणि त्या तिरक्या बसल्या तर सरळ व्होल्टेज आडव्यात मिसळून फसवतं. मला माझ्या तिरक्या वाटल्या. सगळ्या काढल्या, स्फटिक धुतला, तारा नव्याने अगदी सरळ लावल्या. व्होल्टेज गायब! तोंडचं पाणीच पळालं. प्रामाणिकपणाचा झटका येऊन मी तडक सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, भाषण रद्द केलं, "बरं झालं, वेळेत कळलं" म्हणाले आणि घरी गेले. तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. फार वाईट वाटतंय.

मामींना नमस्कार, दादाला काही नाही.

तुमची भाची

ता. क. खरं तर पत्र यासाठी: धुतल्यावर मी स्फटिक चिमट्याने परत ठेवला, तो चुकून काटकोनात फिरवून. हा परिणाम वीज स्फटिकाच्या एकाच दिशेने सोडली तर दिसतो, काटकोनात सोडली तर दिसत नाही, हे मीच नव्या मुलींना शिकवते. आज पूर्वीसारखा ठेवला, तारा सरळच लावल्या, आणि व्होल्टेज हजर! शोध खरा आहे, मामा! सर तुमचा फोन नक्की उचलतील. एवढं सांगाल ना त्यांना?

ता. क. (दुसरा) फोन जरा थांबून करा. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दाखवायला स्फटिक तारांसकट उचलला, आणि मला शिंक आली. सध्या आम्ही दोघी फरशीवर रांगत तो शोधतोय. झाडणाऱ्या मावशी म्हणतात, आम्ही विजेरी आणायला गेलो तेवढ्यात त्यांचं इथलं झाडून झालंय.