रविकांतच्या सायकलची शिंगं

सोमवार, १४ जुलै
सकाळीच रविकांतचा, माझ्या मुलाचा, फोन. पुण्यातली माझी खोली रंगवून झाली म्हणे. पोळ्याला येतो, वाशीमचं घर भाड्याने देतो आणि तुला घेऊनच जातो. विचारलं नाही, कळवलं. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. मला सूचना द्यायची सवय आहे, घ्यायची नाही. त्याचं म्हणणं, मी एकटी आणि गुडघे गेलेत. गुडघे जागेवर आहेत. फक्त जिना चढताना आवाज करतात.

उपाय सुचला. दहावीनंतर त्याने घेतलेली गिअरची माउंटन बाइक न्हाणीमागे पडली आहे. अस्सल स्टील. हल्ली अशा सायकलींना व्हिंटेज म्हणतात. ती नवीकोरी करायची आणि त्याला घ्यायला स्टेशनवर सायकलने जायचं. स्वतः सायकल चालवत आलेल्या बाईला सांभाळायला पुण्याला नेण्याची कोणाची हिंमत होणार नाही. शिवाय नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये असताना स्लो सायकलिंगमध्ये माझा पहिला नंबर होता.

मंगळवार, १५ जुलै
सायकलवर दोडक्याचा वेल निघाला. विळा घेतला आणि कापला. वेल धनीबाईने लावलेला. ती माझ्याकडे कामाला आहे, पण वागते घरमालकिणीसारखी. फुलावर आलेला वेल कापला, आता सायकलले दोडके लागतीन काय, असं तिने भिंतीकडे पाहून विचारलं. भिंतीने उत्तर दिलं नाही.

शनिवार, १९ जुलै
व्हिडिओ पाहून सायकल संपूर्ण खोलली. फार सोपं. लोक उगाच मेकॅनिककडे जातात. बेअरिंगचे छर्रे लोणच्याच्या बरणीत, साखळी रॉकेलमध्ये. गंज काढायला चिंच उत्तम.

रविवार, २० जुलै
व्हिडिओतला मुलगा म्हणतो, आता उलट क्रमाने जोडा. क्रम लक्षात ठेवायला हवा, हे त्याने आधी सांगायचं. हल्लीच्या मुलांना शिकवायचं कसं हेच कळत नाही.

गुरुवार, २४ जुलै
सायकल पोत्यात भरून ऑटोने जगदेवच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेली. याला मी इंग्रजीत दोनदा नापास केलं होतं. त्याला शांतपणे समजावलं: मूळ रूप राखायचं. निळा रंग, सगळे गिअर. कॅरिअर नको, स्टँड नको, चेनकव्हर नको. प्रत्येक वाक्याला हो मॅडम म्हणाला. वर्गातही असाच म्हणायचा.

रविवार, ३ ऑगस्ट
कॅरिअर लागलं. दूधवाल्याच्या सायकलला असतं तसं रुंद. स्टँड लागला. चेनकव्हरही लागलं, आणि त्यावर कमळ आहे.

मी कडक शब्दांत सांगितलं की ही माउंटन बाइक आहे, म्हणजे डोंगरावर चालवायची सायकल. तो विचारात पडला. मग म्हणाला, "पण मॅडम, वाशीमात पहाड कोनता हाय?"

काढून टाक म्हटलं. भाजी कुठं ठेवसान, म्हणाला. सध्या राहू दे. रविकांत येण्याआधी काढून घेईन.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून परस्पर दुकानात. गिअर एकच चालतो, मधला. बाकीचे कायले पायजेत, असं जगदेवचं मत. मुद्दा वाईट नाही, पण तसं त्याला सांगितलं नाही.

हँडलच्या दोन्ही टोकांना वर वळलेले दांडे आहेत, चढावर धरायचे. त्यांचा रंग पार उडालाय. सणाच्या आत ही टोकं नीट रंगव, असं बजावलं. बसून पाहता का, म्हणाला. रंग ओला आहे म्हटलं. अजून लावला नव्हता, पण लावणारच होता.

बुधवार, २० ऑगस्ट
दुकानाला कुलूप. जगदेव पोळ्यासाठी रिठदला, त्याच्या गावी. सायकलही सोबत नेली. शेजारचा चहावाला सांगतो, जगदेव दर पोळ्याला गावातल्या बैलांची शिंगं रंगवतो, त्याच्या हातासारखा हात नाही. मला काय त्याचं.

गुरुवार, २१ ऑगस्ट
सायकल आली. टेंपोतून.

दोन्ही टोकं लालभडक हिंगुळाची. त्यावर सोनेरी बेगड. टोकांना गोंडे. फोन केला. तुमीच म्हटलं ना सणाच्या आत टोकं रंगव, म्हणाला. मागून बैलाच्या घंटा ऐकू येत होत्या.

संध्याकाळी धनीबाई लोणी-हळद घेऊन आली, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात ती. तिच्या घरी यंदा बैल नाहीत. भाऊसिंगने, तिच्या नवऱ्याने, ट्रॅक्टर लावला. तिने सायकलसमोर बसून आधी हँडल मळलं, मग चाकांच्या रिमा. मग घंटीजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ब्रेक आता लोण्यावरून घसरतात. मी तिला इंग्रजीत बोलले. ती म्हणाली, चहा ठेवू काय.

शुक्रवार, २२ ऑगस्ट, दुपार
दार लावून अंगणात सराव केला. मधला दांडा फार उंच आहे. पाय दांड्यापर्यंत जातो. पलीकडे जात नाही. पाटावर उभी राहिले. पाट हलला. कॉन्व्हेंटमध्ये लेडीज सायकल होती, तिला दांडा नव्हता. इतक्या दिवसांत ही गोष्ट कोणी लक्षात आणून दिली नाही.

धनीबाई खिडकीतून पाहत होती. हसली नाही, हे मी नोंदवून ठेवते. "बाई, पोळ्याच्या दिवशी बैलावर ओझं टाकत नाहीत. आज नोका बसू."

लोकांच्या श्रद्धेचा मी नेहमीच मान राखला आहे. आज बसणार नाही. हातात धरून नेईन. एरवी बसलेच असते.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पाटणी चौकात एका बाईने सायकलला कुंकू लावलं. ब्रेकला पुरणपोळी लावायला निघाली होती, तिला थांबवलं. घाम पुसून, पदर नीट करून स्टेशनवर उभी राहिले, जणू आत्ताच उतरले.

रविकांत बाहेर आला. माझ्याआधी त्याने सायकल पाहिली. बराच वेळ फ्रेमवरून हात फिरवत राहिला. मग टांग टाकून बसला. त्याचा पाय सहज पलीकडे गेला. आई, बस मागे, म्हणाला.

आज ओझं टाकत नाहीत, असं मी सांगितलं.

"तू काय ओझं आहेस?"

कॅरिअरवर बसले. मांडीवर त्याची बॅग. कॅरिअर रुंद आहे, हे बरं आहे. ब्रेक लागत नव्हते, म्हणून तो पाय घासत चालवत होता आणि शाळेतल्या पोरासारखा हसत होता. घर येईपर्यंत त्याचं ठरलं: सायकल पुण्याला न्यायची. ने की, म्हटलं. जरूर ने. विषय माझ्यावरून सायकलवर गेला म्हणून मनात पेढे वाटले.

मग म्हणाला, "सायकल काय एकटी जाणार आहे?"

रविवार, ५ ऑक्टोबर
पुणे. सातवा मजला. घर भाड्याने गेलं. धनीबाईचा फोन होता. न्हाणीमागचा दोडका पुन्हा फुटला, भाडेकरू खातात.

सायकल गॅलरीत आहे. रविकांतने आल्यावर एकदा चालवली, त्याची पाठ धरली. निकिताने, म्हणजे सुनेने, आता तिच्यावर कारल्याचा वेल चढवला आहे. शिंगांवर फार छान वळतो म्हणते.

उद्या पहाटे सायकल खाली नेणार. एकदा पाय पलीकडे गेला की झालं. त्याआधी वेल कापायला हवा. विळा शोधला.

विळा वाशीमलाच राहिला.